पाड्यापासून एसटीपर्यंतची पायपीट 'व्यायाम' म्हणून धरायची का?

सकाळी सहाच्या सुमारास कल्याण-नगर महामार्गावर, मुरबाड सोडून सरळगावच्या दिशेनं निघालं की रस्त्याच्या कडेला दोन प्रकारची तरुण मंडळी दिसतात.

काही जण ट्रॅक पँट आणि बूट घालून धावत असतात. यातल्या अनेकांची पोलीस भरतीची तयारी सुरू असते. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते.

दुसरे काही जण पाठीला सॅक लावून, पायात चपला घालून आतल्या पाड्यांवरून मुख्य रस्त्याकडे चालत येत असतात. त्यांना कॉलेजची एसटी गाठायची असते.

पहिल्या गटाला विचारलं तर उत्तर येईल, "व्यायाम करतोय." दुसरा गट म्हणेल, "कॉलेजला चाललोय." रोज दोन-तीन किलोमीटर चालूनही आपण व्यायाम करतो असं या दुसऱ्या गटाला वाटत नाही. घरच्यांनाही वाटत नाही. त्यांच्या लेखी ती पायपीट असते, नाइलाजानं केलेली.

मग या चालण्याचा शरीराला फायदा होतो का? होत असेल तर किती? आणि बारावीनंतर घरात दुचाकी आली आणि हे चालणं थांबलं, तर काय बिघडतं?

कॉलेजला जाण्यासाठी किती चालावं लागतं?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले शेजारी-शेजारी असलेले ग्रामीण तालुके. दोन्हीकडे डोंगर, जंगल आणि विखुरलेले आदिवासी पाडे आहेत.

शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो आणि कल्याण-कसारा रेल्वेमार्गही. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही इथली स्टेशनं. शहापूरसाठीचं स्टेशन आहे आसनगाव. तिथून शहापूर गाव साधारण ३ किलोमीटरवर आहे आणि मधल्या अंतरासाठी शेअर रिक्षा चालतात.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. सगळी भिस्त एसटी, जीप आणि दुचाकीवर.

शहापूर, आसनगाव, मुरबाड, शिवळे अशा ठिकाणी कॉलेजं आहेत. बरेच विद्यार्थी कल्याणलाही जातात. पण डोळखांब, धसई, टोकावडे या भागांतल्या आतल्या पाड्यांवर राहणाऱ्या मुलांचा प्रवास एसटीच्या थांब्यावर सुरू होत नाही, तो घराच्या दारात सुरू होतो. दार ते थांबा हे अंतर कुणासाठी अर्धा किलोमीटर असतं, तर कुणासाठी दोन-तीन किलोमीटर.

एसटीच्या सवलती आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास मिळतो. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत असते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट लागतं. पण हे सगळं बसमध्ये चढल्यानंतरचं. घरापासून थांब्यापर्यंतच्या अंतराला कोणताही पास लागू होत नाही, ते पायीच कापावं लागतं.

चालणं 'व्यायाम' कधी ठरतं?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालींबाबत नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार १८ ते ६४ वयोगटातल्या व्यक्तीनं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल करावी. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे प्रमाण दिवसाला सरासरी ६० मिनिटं आहे. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांची गरज पदवीच्या मुलांपेक्षा जास्त आहे.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे ही हालचाल मैदानावर किंवा जिममध्येच व्हावी अशी अट नाही. कामासाठी, शाळा-कॉलेजला जाण्यासाठी केलेलं चालणंही त्यात धरलं जातं.

दुसरी म्हणजे आधी सलग किमान १० मिनिटं हालचाल झाली तरच ती मोजावी, असा नियम होता. २०२० मध्ये तो काढून टाकण्यात आला. त्यामुळे घर ते थांबा ८ मिनिटं आणि स्टॅंड ते कॉलेज ७ मिनिटं, हेही हिशेबात येतं.

अट आहे ती तीव्रतेची. मोबाइल बघत, गप्पा मारत रमतगमत चालणं 'मध्यम तीव्रते'त बसेलच असं नाही. आपला वेग पुरेसा आहे का, हे ओळखायच्या तीन सोप्या पद्धती आहेत.

बोलून पाहा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागतोय, तर वेग योग्य आहे.

पावलं मोजा. मिनिटाला साधारण १०० पावलं पडत असतील तर ते मध्यम तीव्रतेचं चालणं मानलं जातं.

नाडी मोजा. २२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या ठोक्यांची अंदाजे कमाल मर्यादा मिळते. २० वर्षांच्या मुलासाठी ती २००. मध्यम व्यायामात ठोके याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला १२८ ते १५२ असावेत. थांबून लगेच १५ सेकंद नाडी मोजली तर ३२ ते ३८ ठोके भरतात.

यासाठी स्मार्टवॉच लागत नाही.

आसनगाव ते शहापूर: एक हिशेब

समजा, एक विद्यार्थी लोकलनं आसनगावला उतरतो आणि शहापूरच्या कॉलेजला जातो. अंतर ३ किलोमीटर धरलं आणि तो ताशी ५ किलोमीटरच्या वेगानं चालला तर ३५-३६ मिनिटं लागतील.

परतताना तो रिक्षानं आला आणि फक्त जाताना चालला, तरी आठवड्याच्या ५ दिवसांत जवळपास १७५ मिनिटं होतात. म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली किमान १५० मिनिटं केवळ कॉलेजला जाण्यातून पूर्ण होतात, तीही रिक्षाचे पैसे वाचवून.

आता दुसरी विद्यार्थिनी. ती पाड्यावरून दीड किलोमीटर चालून एसटी थांब्यावर येते आणि संध्याकाळी तेवढंच परत जाते. बस चुकू नये म्हणून सकाळी ती झपाझप चालते. जाता-येता मिळून ३ किलोमीटर. तिचाही आठवड्याचा हिशेब पूर्ण होतो. तिनं मात्र तो कधी मांडलेला नसतो.

आणि १० हजार पावलांचं काय?

'रोज १० हजार पावलं' हा आकडा मोबाइल ॲपमुळे घराघरात पोहोचला आहे. त्याचा उगम वैद्यकीय संशोधनातला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ साली जपानमध्ये यामासा नावाच्या घड्याळ कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव होतं 'मान्पो-केई', म्हणजे '१० हजार पावलांचं मीटर'. नाव लक्षात राहिलं आणि पुढे तेच उद्दिष्ट बनलं.

२०२५ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात ५७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रोज २ हजार पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ७ हजार पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्के कमी असल्याचं त्यात दिसलं. ७ हजार पावलं म्हणजे साधारण पाच किलोमीटर. घरातली, कॉलेजमधली ये-जा धरून पाड्यावरची बरीच मुलं या आकड्याच्या जवळपास असतात.

पायपीट आणि व्यायाम यांतला फरक शरीराला कळतो का?

याचं उत्तर 'थोडा नाही आणि थोडा हो' असं आहे.

१९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. डबलडेकर बसमध्ये दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळलं. कंडक्टर व्यायाम करत नव्हते, ते तिकिटं फाडत होते. हृदयाला मात्र त्या हालचालीचा फायदा झालेला दिसत होता.

याची दुसरी बाजूही आहे. दिवसभर अवजड काम, पुरेशी विश्रांती नाही, अशा श्रमातून मोकळ्या वेळेतल्या व्यायामाइतका फायदा होताना दिसत नाही, असं गेल्या काही वर्षांतले अनेक अभ्यास सांगतात. स्वतःच्या मर्जीनं चालताना माणूस वेग ठरवतो, थकला की थांबतो, नंतर जेवतो आणि झोपतो. डोक्यावर हंडा असलेल्या बाईला हे स्वातंत्र्य नसतं.

शहापूर-मुरबाडच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा आहे. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर टँकर येतो आणि पाण्यासाठी पायपीट करावी लागते. कॉलेजला जाणारी मुलगी पहाटे दोन खेपा पाणी आणून मग एसटीसाठी चालत असेल, तर तिला 'रोज अर्धा तास चाल' हा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिचं चालणं पुरेसं झालेलं असतं. तिला कमी पडतं ते जेवण आणि झोप.

थोडक्यात, 'चाला' हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होत नाही. आधी समोरच्याचा दिवस विचारायला हवा.

चढावर दम लागतो, म्हणजे स्टॅमिना कमी आहे?

कधीकधी स्टॅमिना हे कारण नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला.

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेतं. ते कमी असेल तर तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. मग थोड्या चढावरही धाप लागते, पाय जड होतात, वर्गात झोप येते. अशा वेळी चालणं वाढवून उपयोग होत नाही, आधी रक्ताची तपासणी करावी लागते. गरोदर नसलेल्या महिलांमध्ये हिमोग्लोबिन १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. आहारात नाचणी, हरभरे, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, पालेभाज्या हव्यात. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर अन्नातलं लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट परिणाम होतो.

सकाळची एसटी गाठायच्या घाईत अनेक मुलं फक्त चहा पिऊन निघतात. तीन किलोमीटर चालणाऱ्यासाठी हे बरं नाही. एखादी भाकरी, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एक केळं पोटात असलं तरी खूप फरक पडतो.

चालण्यातून काय मिळत नाही?

वजन झपाट्यानं कमी होत नाही. ५० किलो वजनाच्या व्यक्तीनं ६ किलोमीटर चाललं तर साधारण २०० किलोकॅलरी खर्च होतात. कॉलेजबाहेरच्या एका वडापावमध्ये त्याहून जास्त असू शकतात. वजन जास्त असलेल्यांना चालण्याबरोबर खाण्याकडेही पाहावं लागतं. आणि मुळातच सडपातळ असलेल्या मुलांनी 'कॅलरी जाळण्या'च्या मागे लागायची गरज नाही.

दंड, पाठ, खांदे बळकट होत नाहीत. म्हणूनच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. जोर, बैठका, सूर्यनमस्कार घराच्या ओट्यावरही होतात. विशी हे हाडं भक्कम करायचं वय आहे. तिशीच्या आसपास हाडांची घनता कमाल पातळीला पोहोचते, नंतर ती हळूहळू कमी होते.

पोलीस भरतीची तयारीही केवळ चालून होत नाही. चालणं हा त्याचा पाया ठरू शकतो. एकदम धावायला लागलं की नडगी आणि गुडघे दुखतात. त्यापेक्षा आधी काही आठवडे वेगानं चालणं, मग दोन मिनिटं चाल-एक मिनिट धाव, असं वाढवत नेणं सोयीचं.

दुचाकी आली, चालणं थांबलं

रस्ते सुधारले, हप्त्यावर दुचाकी मिळू लागली. १८ वर्षं पूर्ण झाली की लायसन्स निघतं. पाड्यावरून थांब्यापर्यंतचं अंतर मग चाकांवर पार होतं. वेळ वाचतो, अंधारात एकटं चालावं लागत नाही, शेवटची एसटी चुकली तरी धाकधूक नसते. हे सगळं चांगलंच आहे.

पण आतापर्यंत आपोआप होणारा व्यायाम त्यासोबत बंद होतो आणि त्याच्या जागी दुसरं काही येत नाही. बारावीपर्यंत कबड्डी, खो-खो खेळणारी मुलं पदवीला आली की अनेकदा मैदान सोडतात. मग दिवस वर्गात, बसमध्ये आणि मोबाइलवर जातो.

जून २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के होतं. २०२३ मधल्या आयसीएमआरच्या अभ्यासानं देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज मांडला. शहराजवळच्या ग्रामीण भागात राहणीमान बदलतंय तसे हे आजारही तिथे पोहोचतायत.

दुचाकी विकून टाकायची गरज नाही. गेलेला अर्धा तास कुठून परत मिळवायचा, एवढंच ठरवावं लागतं. गाडी स्टँडवर लावून उरलेलं अंतर चालणं, मधल्या सुट्टीत मैदानाला चार चकरा मारणं, रात्रीच्या जेवणानंतर गावात १५ मिनिटं फिरणं, असे पर्याय आहेत. जेवणानंतर चाललं तर रक्तातली साखर एकदम वाढत नाही, हा आणखी एक फायदा.

गंमत म्हणजे, रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी माहुली, गोरखगड, नाणेघाट चढायला याच तालुक्यांत येतात. सातवाहन काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्या वाटेनं जुन्नरकडे जायचा, ती नाणेघाटाची वाट मुरबाडच्या वैशाखऱ्याजवळून चढते. इतरांना पैसे खर्चून यावं लागतं ते इथल्या विद्यार्थ्यांना घराजवळ आहे. कॉलेजच्या एनएसएस गटानं महिन्याला एक वाट ठरवली तरी सवय टिकू शकते.

मुलींचं काय?

'सकाळी फिरायला जा' हे मुलाला सांगणं सोपं आहे. मुलीला त्याच वेळी पाणी भरायचं असतं, डबा करायचा असतं. संध्याकाळी मोकळी झाली तरी रस्त्यावर दिवे नसतात आणि 'कुठे निघालीस?' हा प्रश्न असतो.

त्यामुळे अनेक मुलींसाठी कॉलेजला जाता-येताचं चालणं हाच हक्काचा, कुणी प्रश्न न विचारणारा व्यायाम असतो. एकाच पाड्यावरच्या तीन-चार जणींनी वेळ ठरवून एकत्र निघणं हा यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय. कॉलेजांना आपलं मैदान सुटल्यानंतर अर्धा तास मुलींसाठी मोकळं ठेवता येईल. मात्र त्यानंतरची एसटी मिळणार असेल तरच त्याचा उपयोग.

चालताना कोणती काळजी घ्यावी?

महामार्गावर फुटपाथ नसतो. अशा रस्त्यावर उजव्या बाजूनं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चालावं. कानात इअरफोन नको. अंधारात फिकट रंगाचे कपडे आणि टॉर्च हवा.

पावसाळ्यात भाताच्या बांधावरून, गवतातून चालताना साप असू शकतात. पाय झाकणारे बूट आणि हातात काठी असावी. साप चावलाच तर जखम कापणं, घट्ट आवळून बांधणं, भगताकडे नेणं टाळावं. चावलेला अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावं.

एप्रिल-मेमध्ये या भागात पारा चाळिशी ओलांडतो. वेगानं चालायचं असेल तर ते सकाळी आठच्या आत उरकावं. दुपारी कॉलेजहून परतताना डोक्याला रुमाल आणि सोबत पाण्याची बाटली हवीच. चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवली तर सावलीत थांबावं.

छातीत दुखणं, चालताना भोवळ येणं किंवा धडधड न थांबणं, यापैकी काहीही झालं तर वय कमी असलं तरी डॉक्टरांना दाखवावं.

मग ही पायपीट मोजायची की नाही?

आरोग्याच्या हिशेबात ती नक्की मोजायची. पाड्यापासून थांब्यापर्यंत झपाझप चालणारी विद्यार्थिनी शहरात ट्रेडमिलवर चालणाऱ्यापेक्षा कमी व्यायाम करत नाही. तिला हे माहीत असेल तर उद्या दुचाकी आल्यावर आपण नेमकं काय गमावतोय, हेही तिला कळेल आणि ते परत मिळवता येईल.

पण तीच पायपीट गावाला बस नसण्याचं समर्थन म्हणून कुणी पुढे करू लागलं, तर ते मान्य करण्यासारखं नाही. पावसात ओढा ओलांडून तीन किलोमीटर चालावं लागतं म्हणून एखाद्या मुलीचं कॉलेज सुटलं, तर तिच्या तंदुरुस्तीचं कौतुक कुणाच्या कामाचं नाही. तिथे रस्ता, दिवा आणि वेळेवर येणारी एसटीच हवी. ती आल्यावर मोकळ्या मैदानात, पायात बूट घालून, पोटभर खाऊन ती हवं तेवढं चालेल.